समोरची काच

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहेच. पहिला पाऊस, आई, होस्टेलची मेस, मैत्री आणि पुन्हा एकदा पहिला पाऊस! यंदा मीही पावसावरच लिहिणार आहे, पण तो गाडीच्या समोरच्या काचेवर पडल्यावर पुढे काय होतं त्याविषयी. विषय आहे वायपरचं ब्लेड. हसू नका. एका भल्यामोठ्या, परदेशी कंपनीच्या एसयूव्हीला बदली वायपर कुठले घ्यायचे, या एका प्रश्नावर आमच्या घरात गेल्या पावसाळ्यात पूर्ण महिनाभर चर्चा चालली होती. आणि गंमत म्हणजे ती गाडी आमची नव्हतीच!

त्याचं असं आहे, माझे पप्पा ड्रायव्हर आहेत. कोल्हापुरातल्या एका कारखानदारांकडे माझ्या जन्माच्या आधीपासून. त्याच्याही आधी ते ट्रकवर होते. मी इंग्लिश मीडियमला, कॉन्व्हेंटमध्ये शिकले ती मालकीणबाईंनी सिस्टरकडे शब्द टाकला म्हणून. फी मात्र पप्पांनीच भरली. रोज सकाळी मालकांची मुलगी मागच्या सीटवर आणि मी पुढे, पप्पांच्या शेजारी, अशा आम्ही शाळेत जायचो. त्यामुळे समोरच्या काचेची आणि माझी ओळख फार जुनी. पावसात त्या दोन काळ्या हातांकडे बघत मी पाढे म्हणायचे. टेबल्स म्हणायचे, असं म्हणायला हवं, कारण बे एके बे मला आजही नीट येत नाही!

असो. तर मालकांची आत्ताची गाडी चार वर्षांची आहे. नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. किंमत एवढी की तेवढ्यात आमच्या गल्लीतली सगळी घरं दुरुस्त होऊन वर नवीन गटार होईल. सेमिस्टर संपवून मी घरी आले तेव्हा जून संपत आला होता. पप्पा जेवताना म्हणाले, "वायपर गेल्यात गं. पाणी पुसत न्हाईत, सारवत्यात नुसतं."

सारवतात! मी नंतर कितीतरी इंग्रजी लेख वाचले, पण वायपरच्या बिघाडाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलं नाही. शेणाने जमीन सारवावी तसा पाण्याचा पातळ थर काचभर पसरतो. दिवसा त्याचं फार वाटत नाही. रात्री समोरून ट्रकचे हेडलाइट आले की तोच थर पेटल्यासारखा पांढरा होतो आणि पुढचं काहीच दिसत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीहून येताना आंबा घाटात हेच झालं. संध्याकाळ, धुकं, वरून धो धो पाऊस. एका वळणावर समोरून ट्रक आला आणि काच पांढरी झाली. पप्पांनी डावीकडची पांढरी रेघ धरून गाडी हळूहळू कडेला घेतली, इंडिकेटर लावले आणि थांबले. मागून मालकांनी विचारलं, "का थांबलास?" पप्पा म्हणाले, "दिसत न्हाई मालक." मालकांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "पुसतोय की वायपर!" काही झालं नाही, सगळे सुखरूप घरी आले. पप्पांनी हे सांगितलंही अगदी सहज, भाकरी मोडता मोडता. आई मात्र त्या रात्री काही बोलली नाही.

मालक वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम लिहिते. पण मागच्या सीटवरून काच नेहमी स्वच्छच दिसते, कारण तिकडे बघायची गरजच नसते. शोरूमने वायपरच्या जोडीची किंमत चार आकड्यांत सांगितली, आणि त्यातला पहिला आकडाही काही लहान नव्हता. ते ऐकून मालक म्हणाले, "रबराच्या दोन पट्ट्यांना एवढे? बाजारात बघ." म्हणून पप्पा बाजारात निघाले आणि मीही त्यांच्या मागे लागले. मेकॅनिकलला आहे ना मी!

उद्यमनगराच्या बाजूच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीचं नाव ऐकलं, न उठता मागच्या फळीवरून एक खोका काढला आणि टाकला. "युनिव्हर्सल आहे. सगळ्या गाड्यांना बसतो. पाचशे रुपये जोडी." मी विचारलं, "याचा कर्व्ह किती आहे?" त्याने माझ्याकडे न बघता पप्पांना विचारलं, "ताई काय म्हणतायत?" पप्पा म्हणाले, "ताई इंजिनिअर हायत. त्यांनाच सांगा."

खोका न घेताच आम्ही बाहेर पडलो. मग सुरू झाला आमचा अभ्यास. तो इथे थोडक्यात देते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गाडी आहे आणि उरलेल्यांच्या घरी कधीतरी येणारच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे लांबी. दोन्ही ब्लेड सारख्या लांबीचे असतीलच असं नाही. आमच्या, म्हणजे मालकांच्या गाडीला ड्रायव्हरच्या बाजूला ६५० मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ५५० मिलिमीटर. बाजारात हेच २६ इंची आणि २२ इंची म्हणून मिळतात. आता २६ इंच म्हणजे काटेकोर ६६० मिलिमीटर होतात, पण एवढ्या फरकाने बिघडत नाही. बिघडतं ते "एक साइझ मोठा घ्या, जास्त काच पुसेल" असं कुणी सांगितलं की! वायपरच्या हाताला स्प्रिंग असते आणि तिचा जोर ठरलेला असतो. ब्लेड दहा टक्के लांब घेतलं तर तोच जोर जास्त लांबीवर वाटला जातो आणि प्रत्येक मिलिमीटरवरचा दाब साधारण नऊ टक्क्यांनी कमी होतो. शिवाय दोन ब्लेड एकमेकांवर आपटू शकतात, किंवा टोक काचेच्या कडेच्या खांबाला लागतं.

इथे आपल्या देशाची एक खास गोम आहे. इंटरनेटवर बऱ्याच याद्या अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या गाड्यांच्या असतात. तिकडे ड्रायव्हर डावीकडे. यादीत "डावं २६, उजवं २२" असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे ते बहुतेक वेळा उलटं होतं. बहुतेक वेळा म्हणते, नेहमी नाही. म्हणून यादी बघण्याआधी टेप घेऊन जुनं ब्लेड मोजावं. पप्पांनी आईच्या शिवणकामाच्या टेपने दोन मिनिटांत मोजलं.

दुसरी गोष्ट, ब्लेड हाताला अडकतं कसं. जुन्या साध्या गाड्यांना हाताच्या टोकाला इंग्रजी जे अक्षरासारखा आकडा असतो. त्यात ब्लेड घातलं, खट् आवाज आला की काम झालं. महागड्या गाड्यांत मात्र नाना तऱ्हा! कुठे बटण दाबायचं, कुठे बाजूने पिन, कुठे वरून कुलूप. काही गाड्यांत तर काच धुवायचं पाणीही वायपरच्या हातातून किंवा थेट ब्लेडमधून येतं. अशा गाडीला साधं ब्लेड लावलं तर पाणी येणार कुठून? युनिव्हर्सल खोक्यात चार-पाच प्लॅस्टिकचे जोड दिलेले असतात. त्यातला एखादा बसतोही, पण जरा हलवून बघा, डुगडुगतो. हायवेला वेगात वारा खालून शिरला की हीच डुगडुग वाढत जाते आणि ब्लेड काचेवरून उचललं जातं.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची, ती म्हणजे वाक. आठवतं, तिसऱ्या सेमिस्टरला एसओएममध्ये पॉइंट लोड आणि युनिफॉर्मली डिस्ट्रिब्यूटेड लोड शिकताना आपण विचारायचो की याचा आयुष्यात उपयोग काय? उपयोग इथे आहे! वायपरचा हात ब्लेडला एकाच ठिकाणी, मधोमध दाबतो, म्हणजे पॉइंट लोड. पण रबर काचेवर दोन फूट सगळीकडे सारखं टेकायला हवं, म्हणजे यूडीएल. जुन्या पद्धतीच्या ब्लेडमध्ये हे काम पत्र्याच्या कमानी करतात. एक कमान जोर दोघींना वाटून देते, त्या पुढे आपापल्या टोकांना वाटतात. नव्या सपाट ब्लेडमध्ये कमानी नसतात, आत स्टीलची पातळ पट्टी असते. बॉशने असं सपाट ब्लेड १९९९ साली बाजारात आणलं. ते टेबलावर ठेवून बघा, धनुष्यासारखं वाकलेलं दिसेल. काचेवर दाबलं की ते सरळ व्हायला बघतं आणि त्या ताणातून दाब दोन्ही टोकांपर्यंत सारखा पोचतो. पण हा वाक एका ठरावीक काचेसाठी असतो. वाक कमी पडला तर टोकं उचलली जातात, जास्त झाला तर मधला भाग टेकत नाही. दुकानदाराला मी विचारलेला प्रश्न हाच होता.

चौथी गोष्ट म्हणजे रबर. रबराची खालची धार जेमतेम केसाच्या वाणाची असते आणि ती काचेवर उभी नाही, तिरकी झोपून ओढली जाते. हात परत फिरताना धार दुसऱ्या कुशीवर वळते. प्रत्येक फेरीला एक कूस! उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने रबर कडक झालं की ते कूस बदलत नाही. मग एका दिशेला जाताना काच स्वच्छ आणि परत येताना थरथर, खर्र खर्र. आपल्याकडे मार्च ते मे गाडी उन्हात उभी, वायपर तापलेल्या काचेवर एकाच कुशीवर पडून! आणि जूनमध्ये पहिल्या पावसात आपण म्हणतो, अरे, काल तर चांगला होता. पप्पांचा नियम आहे, वायपर बघायचा तो मृगाच्या आधी. शेतकरी बियाणं बघतो तसं. बोटाला ओला फडका गुंडाळून ते धारेवरून फिरवतात आणि डोळे मिटून सांगतात, इथे तुटलंय, इथे निबर झालंय.

ब्लेड बदलण्याआधी काच बघायलाही त्यांनीच शिकवलं. रेघा उमटत असतील तर धार फाटलेली असते नाहीतर तिच्यात खडा अडकलेला असतो. सगळीकडे धुरकट येत असेल तर आधी काच धुवा, कारण पुढच्या गाड्यांचा धूर, तेल आणि वॉशिंगवाल्याचं पॉलिश यांचा थर असू शकतो. एकच पट्टा कोरडा न होता राहत असेल तर ब्लेड तिथे टेकतच नाही. आम्ही काच नीट धुतली. तरीही सारवणं चालूच. मग ठरलं, ब्लेडच गेलंय.

ट्रकवर असताना वायपर बंद पडला की पप्पा काचेवर तंबाखू चोळायचे. त्याने पाण्याचे थेंब न राहता पाणी सपाट पसरतं आणि जरा दिसतं. मी विचारलं, या गाडीला चालेल का? ते म्हणाले, "या काचेत डोळं हायत बाई. तिच्या तोंडाला तंबाखू नगं."

डोळे म्हणजे काय, ते माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या रूमीने मला फोनवर समजावलं. आरशामागे रेन सेन्सर असतो. तो काचेत साधारण ४५ अंशात इन्फ्रारेड किरण सोडतो. काचेबाहेर हवा असली तर क्रिटिकल अँगल ४२ अंशांच्या आसपास, म्हणून किरण पूर्ण परावर्तित होऊन परत येतो. बाहेर पाणी असलं तर तोच अँगल ६२ अंशांच्या वर जातो आणि किरण थेंबातून निसटतो. परत आलेला प्रकाश कमी झाला की गाडी समजते, पाऊस आला. बारावीचं फिजिक्स, बस्स! पण वायपरने तिथे पाण्याचा थर मागे ठेवला तर सेन्सर गोंधळतो आणि वायपर उगाच फिरत राहतो. त्याच्याच शेजारी लेन आणि पुढची गाडी ओळखणारा कॅमेरा. म्हणजे खराब वायपरमुळे फक्त ड्रायव्हर नाही, गाडीही आंधळी होते.

हा सगळा अभ्यास करताना एक गोष्ट वाचली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. वायपरचं पेटंट १० नोव्हेंबर १९०३ रोजी मिळालं ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाईंना. त्या न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्राममधून चालल्या होत्या. बाहेर बर्फाळ पाऊस, आणि ट्रामचालकाला समोरचं दिसावं म्हणून काच उघडी ठेवून गारठ्यात बसावं लागत होतं. बाईंनी आतून दांड्याने फिरवायचा, रबर लावलेला हात सुचवला. १९०५ मध्ये एका कॅनडातल्या कंपनीने त्यांना कळवलं की यात धंद्याच्या दृष्टीने काही दम नाही. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली, पैसा एकही मिळाला नाही. पुढे प्रत्येक गाडीला वायपर आला. २०११ मध्ये त्यांचं नाव अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं, तेव्हा त्यांना जाऊन अर्धं शतक उलटलं होतं.

मला यात पेटंटपेक्षा एक साधी गोष्ट मोठी वाटते. त्या बाई प्रवासी होत्या. त्यांना मागे बसून खिडकीबाहेर बघता आलं असतं. त्यांनी चालकाकडे बघितलं.

तर पुढे काय झालं? जुन्या ब्लेडच्या पोटावर बारीक अक्षरांत ते मुळात बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. कार कंपन्या वायपर स्वतः बनवत नाहीत, बॉश, व्हॅलिओ, डेन्सो अशा कंपन्यांकडून घेतात. त्या मूळ कंपनीचीच, आमच्या मॉडेलची आणि त्याच वर्षाची, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठीची जोडी तिच्या स्वतःच्या खोक्यात मिळत होती. शोरूमपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश स्वस्त. पप्पांनी हे मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "बघू."

मग मी एक पान टाईप केलं, इंग्रजीत. वर मोठ्या अक्षरात टेक्निकल नोट. खाली मुद्दे: लांबी, जोड, वाक, सेन्सर. एका बाजूला वायपरची किंमत, दुसऱ्या बाजूला सेन्सरवाल्या नव्या काचेची. कडक डबडा वायपर खडा धरून काचेवर ओरखडा पाडू शकतो, हेही एका वाक्यात. पप्पांनी ते पान सकाळी मालकांच्या टेबलावर ठेवलं. मालकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मॅनेजरला हाक मारली, "आजच मागवून टाका." वर मला निरोप, "पोरगी हुशार आहे हो तुझी!"

घरी आल्यावर पप्पा हसत हसत म्हणाले, "महिनाभर मी जे बोलत हुतो तेच तू विंग्रजीत टाईप केलंस की!"

ते खरंच खूश होते. आई तर शेजारीपाजारी सांगत सुटली. मलाही आनंद झाला. पण मित्रांनो, खरं सांगू? रात्री झोप लागेना. त्या पानात माझं स्वतःचं असं फार थोडं होतं. धार कुठे निबर झालीय हे पप्पांच्या बोटाने सांगितलं होतं. काच आधी धुवून बघा, हे त्यांनी सांगितलं होतं. आंबा घाटात काय दिसलं नाही ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मी त्याला आकडे लावले आणि भाषा बदलली. ज्या भाषेसाठी पप्पांनी पंधरा वर्षं फी भरली, तीच भाषा त्यांचं म्हणणं त्यांच्याच मालकापर्यंत पोचवायला लागली. हा फीचा मोबदला म्हणायचा की आणखी काही, ते मला अजून उलगडलेलं नाही.

ब्लेड बसवलं ते रविवारी. या गाडीचे वायपर बॉनेटखाली दडलेले असतात. सरळ उचलायला गेलं तर बॉनेटचा रंग उडतो. मॅन्युअलमध्ये सर्व्हिस पोझिशनचं पान मी वाचून दाखवलं आणि पप्पांनी वायपर मध्यावर उभे केले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घडी करून काचेवर ठेवला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "ब्लेड काढलं की नुसता लोखंडी हात राहतोय. सुटून पडला तर काच गेली." हे मॅन्युअलच्या त्या पानावर नव्हतं. बटण दाबून जुनं काढलं, नवं सरकवलं, खट्. पाणी मारून चालवून बघितलं. आवाज नाही, रेघ नाही. पप्पा आत बसले, मी बाहेर. एका फेरीत काचेपलीकडे त्यांचा चेहरा लख्ख दिसला.

आपल्यापैकी बरेच जण उद्या कुठल्यातरी डिझाइन ऑफिसमध्ये बसतील, काही जण मालकही होतील. तेव्हा शॉपफ्लोअरवरचा, गाडीवरचा, मशीनवरचा एखादा माणूस तुमच्यापुढे उभा राहून त्याच्या बोलीत सांगेल, साहेब, हे पुसत नाही, सारवतंय. तो तोंडी सांगत असेल, त्याच्याकडे पान नसेल. उठून त्याच्या सीटवर जाऊन बसा आणि तिथून बघा. आणि हो, घरी गाडी असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात ओल्या फडक्याने वायपरची धार तपासायला विसरू नका. मृग कुणासाठी थांबत नाही!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल